जोरदार टॉर्चचा उजेड घरच्यांना आणि मित्रांना कसा दाखवावा

नवी टॉर्च घरी आली की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. दिवाणखान्यात ट्यूबलाइट चालू असते, टॉर्च खोक्यातून निघते, कोणीतरी बटण दाबून समोरच्या भिंतीवर झोत टाकतो, दोघा-तिघांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात आणि ‘चांगली आहे’ एवढ्यावर विषय संपतो. शेतावर रात्रीची पाळी देणाऱ्या किंवा गडावर मुक्कामाला जाणाऱ्या माणसाच्या हातात ही वस्तू काय काम करू शकते, याची कल्पना पाहणाऱ्यांपैकी कोणालाच येत नाही. याचे कारण असे की आपला डोळा उजेड मोजत नाही, तो उजेडातला फरक ओळखतो. म्हणून टॉर्चची ताकद दाखवायची असेल तर आधी अंधार दाखवावा लागतो, मग ओळखीचा उजेड, आणि सर्वांत शेवटी नवा उजेड. पुढची सगळी पद्धत याच क्रमावर उभी आहे.

आधी आकडे समजून घ्यावेत

टॉर्चच्या खोक्यावर दोन आकडे महत्त्वाचे असतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून चहूबाजूंनी मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, आणि कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागी तो प्रकाश किती एकवटला आहे त्याचे माप. दोन हजार ल्युमेनची एखादी टॉर्च सगळे अंगण लख्ख उजळते, पण शंभर मीटरवरचे झाड तिला नीट दाखवता येत नाही. त्याउलट हजार ल्युमेनची, मोठ्या आणि खोल रिफ्लेक्टरची टॉर्च तेच झाड पानांसकट दाखवते, मात्र पायाजवळची वाट अंधारी ठेवते. आपली टॉर्च पसरट उजेडाची आहे की लांब झोताची, हे आधी ठरवावे, कारण प्रात्यक्षिकाची जागा त्यावर अवलंबून असते. पसरट टॉर्चला अंगण, गोठा, खळे किंवा मंदिराचा सभामंडप शोभतो. लांब झोताच्या टॉर्चला मोकळे शिवार हवे.

खोक्यावर पल्ला लिहिलेला असतो, त्याचाही अर्थ जाणून घ्यावा. अमेरिकेत २००९ साली ठरलेले ‘एफएल-१’ हे मानक चांगल्या कंपन्या पाळतात. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप. या मानकानुसार पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर. गणित सोपे आहे. कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की मीटरमधला पल्ला मिळतो. ४०,००० कँडेलाच्या टॉर्चचा पल्ला ४०० मीटर येतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्याने हीच टॉर्च २०० मीटरवर १ लक्स आणि १०० मीटरवर ४ लक्स उजेड टाकते. वस्तू खरोखर ओळखू यावी असे अंतर लिहिलेल्या पल्ल्याच्या निम्म्याहून कमीच धरावे. पाहुण्यांना ४०० मीटरचे आश्वासन देऊन १५० मीटरवरची म्हैस दाखवण्यापेक्षा दीडशेच सांगून ती स्पष्ट दाखवलेली बरी.

अशाच साध्या गणिताचा दुसरा उपयोग खोटे दावे ओळखण्यासाठी होतो. पांढऱ्या एलईडीपासून एक वॉटला साधारण १०० ते १५० ल्युमेन मिळतात. एका सेलवर चालणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या टॉर्चवर एक लाख ल्युमेन छापलेले असतील, तर तिला सुमारे हजार वॉट, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी वीज लागायला हवी. ते शक्य नाही. सेलचेही तसेच. १८६५० आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, म्हणून ९,९०० लिहिलेला सेल बिनदिक्कत बाजूला ठेवावा. आपण लोकांना एखादी गोष्ट दाखवायला बोलावतो तेव्हा आपण सांगितलेला आकडा खरा असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ‘इतके ल्युमेन’ म्हणून सांगितले आणि मेव्हण्याने ते ऐकून तसलीच स्वस्त टॉर्च मागवली, तर त्याची जबाबदारी थोडीफार आपल्यावरही येते.

टॉर्चची तयारी

आदल्या रात्री सेल पूर्ण चार्ज करावा. लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि जसजसा उतरत जातो तसतसा अनेक टॉर्चचा सर्वांत तेज टप्पा, ज्याला सगळे टर्बो म्हणतात, मंदावतो किंवा मिळतच नाही. मागचे झाकण उघडून आट्यांवरची काळी धूळ कोरड्या सुती फडक्याने पुसावी, स्प्रिंगचे टोक आणि सेलचे टोक स्वच्छ करावे. काचेवर बोटांचे ठसे असतील तर झोताभोवती धुरकट वलय दिसते, तेव्हा तीही मऊ कापडाने पुसून घ्यावी. सेलचे प्लास्टिकचे वेष्टन कुठे फाटलेले दिसले तर तो सेल वापरूच नये. जोडीला घेतलेला सेल डबीत ठेवावा. खिशात किल्ल्या आणि नाणी यांच्यासोबत तो कधीही टाकू नये.

टर्बोचा आणखी एक स्वभाव माहीत हवा. एवढी वीज एवढ्या लहान धातूच्या नळीत खेळू लागली की ती तापते, आणि आतले सर्किट स्वतःच उजेड कमी करते. हे काही सेकंदांत होईल की दोन-तीन मिनिटांत, ते टॉर्चच्या आकारावर आणि हवेवर ठरते. एप्रिलमधल्या अकोल्याच्या रात्री ते लवकर होते, जानेवारीतल्या महाबळेश्वरला उशिरा. घरच्या घरी घड्याळ लावून एकदा हे पाहून ठेवावे, म्हणजे लोकांसमोर उजेड एकाएकी उतरला तरी ‘बिघडली वाटते’ असे कोणी म्हणणार नाही आणि आपल्याला कारण सांगता येईल.

तुलनेसाठी दोन दिवे लागतात. एक मोबाईलचा, जो सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि साधारण चाळीस-पन्नास ल्युमेन देतो. दुसरी घरात शिल्लक असेल तर तीन सेलची जुनी स्टीलची बॅटरी. वडीलधाऱ्यांच्या मनात टॉर्चचा उजेड म्हणजे तिचाच पिवळा उजेड असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हीच तुलना सर्वांत बोलकी ठरते. थोडा जास्त उजेड असलेली टॉर्च मात्र तुलनेला घेऊ नये. डोळ्याला दुप्पट उजेड दुप्पट वाटत नाही. दोन हजार आणि हजार ल्युमेनमधला फरक ‘थोडा जास्त’ एवढाच जाणवतो. दुप्पट तेज वाटायला उजेड चारेक पट असावा लागतो आणि दुप्पट लांब पोहोचायलाही कँडेला चौपटच लागतात.

घरातले प्रात्यक्षिक

बाहेर जाणे सगळ्यांना जमत नाही, विशेषतः आजी-आजोबांना आणि लहान मुलांना. त्यांच्यासाठी छताचा उपयोग करावा. पडदे ओढून घ्यावेत, सगळे दिवे बंद करावेत आणि टॉर्च पाटावर किंवा स्टुलावर उभी, तोंड वर करून ठेवावी, म्हणजे झोत पांढऱ्या छतावर पडून सगळ्या खोलीत पसरतो आणि कोणाच्याही डोळ्यांत थेट जात नाही. पंखा बंद ठेवावा, कारण फिरत्या पात्यांमधून आलेला उजेड थरथरतो आणि बघणाऱ्यांचे डोके दुखू लागते.

आता क्रम पाहा. प्रथम मोबाईलचा दिवा तसाच छताकडे करून ठेवावा आणि आजीच्या हातात भिंतीवरची दिनदर्शिका काढून द्यावी. ‘आजी, यातली बारीक तिथी वाच बघू’ असे म्हटले की ती कागद लांब-जवळ करून पाहते आणि नाद सोडते. मग त्याच जागी नवी टॉर्च मधल्या टप्प्यावर ठेवावी. तिथी, नक्षत्र, कोपऱ्यातला सूर्योदयाचा वेळ हे सगळे आजी वाचून दाखवते, आणि वीज गेल्यावर ही वस्तू घराच्या कोणत्या उपयोगाची आहे हे सांगण्यासाठी वेगळे काही बोलावे लागत नाही. ज्यांना आकड्यात रस आहे त्यांच्यासाठी नऊ वॉटचा एलईडी बल्ब लावून तुलना करावी. त्याच्या खोक्यावर साधारण ८०० ते ९०० ल्युमेन छापलेले असतात, म्हणून १,८०० ल्युमेनची टॉर्च म्हणजे असे दोन बल्ब, हे लगेच पटते.

घरातच रंगांचीही परीक्षा घेता येते, आणि मला ती फार आवडते. एका ताटात कुंकू, हळद, आंब्याचे एखादे पान आणि घासलेला तांब्याचा गडू ठेवावा. पुष्कळ तेज टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो. त्यात कुंकू विटकरी दिसते आणि तळहात फिकट, रक्त नसल्यासारखा वाटतो. रंग ओळखण्याचा निर्देशांक ९० च्या पुढे असलेल्या, किंचित पिवळसर उजेडाच्या टॉर्चखाली तेच कुंकू लालभडक होते आणि गडूवरची झाकही दिसते. रात्री जखम पाहायची असो की वायरीचा रंग ओळखायचा असो, हा फरक निव्वळ ल्युमेनपेक्षा मोलाचा ठरतो, पण खोक्यावर तो बारीक अक्षरांत असतो.

शिवारातले प्रात्यक्षिक

टॉर्चचे खरे काम मोकळ्या अंधारात कळते. रात्र निवडताना अमावास्येच्या आसपासची किंवा चंद्र मावळल्यानंतरची घ्यावी. दिवाळीला सगळी माणसे गावी जमतात आणि लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येते, त्यामुळे तो काळ सोयीचा असतो, मात्र गावातल्या रोषणाईपासून थोडे दूर जावे लागते. हवेचाही विचार करावा. पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत लांबची वस्तू सर्वांत स्पष्ट दिसते, पण झोताची रेघ जवळजवळ दिसत नाही. हिवाळ्यात शेकोट्यांचा धूर आणि धूळ हवेत असली की झोत खांबासारखा उभा राहतो, बघणारे ‘वा’ म्हणतात, आणि पल्ला प्रत्यक्षात कमी झालेला असतो. दाट धुक्यात तर उजेड थेंबांवरून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे करण्यात अर्थ नाही.

जागा दिवसाउजेडी पाहून यावी. बिनकठड्याची विहीर, तुटकी तार, खोल चारी कुठे आहे ते कळायला हवे, आणि पायांत बूट हवेत, कारण बांधावर रात्री साप-विंचू असतात. शेजारच्या शेतकऱ्यांना आधी सांगावे. रात्री राखणीला बसलेल्या माणसाला अनोळखी झोत दिसला की चोर आले असेच वाटते. गाव लहान असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घातलेले चांगले.

दिवस असतानाच खुणा लावून घ्याव्यात. खताच्या रिकाम्या पांढऱ्या गोण्या धुऊन त्यांवर काळ्या रंगाने हातभर उंचीचा एकेक आकडा काढावा आणि त्या काठ्यांना बांधून ५०, १०० आणि २०० मीटरवर रोवाव्यात. शंभर मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण १३० ते १४० पावले. तिन्ही गोण्या एका रेषेत कधीही ठेवू नयेत. जवळची पांढरी गोणी झोतात आली की तिच्या चकाकीने डोळे दिपतात आणि मागचे काही दिसत नाही. शंभर मीटरवरच्या गोणीशेजारी एक काळे घोंगडे टांगावे. त्याचे कारण पुढे कळेल. कोणता आकडा कुठे आहे हे बघणाऱ्यांना आधी सांगू नये, कारण माहीत असलेला आकडा मन आपोआप वाचते.

रात्री सगळे जमले की पंधरा-वीस मिनिटे नुसते बसावे. चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, पण मोबाईल कोणीही उघडू नये, कारण अंधाराला सरावलेले डोळे पडद्याच्या एका झळाळीत पुन्हा पहिल्या जागी येतात. हा वेळ पुष्कळ लोक टाळतात आणि मग प्रात्यक्षिक फसते. दहा मिनिटांनंतर बांध दिसू लागतो, वीस मिनिटांनंतर समोरच्या माणसाच्या सदऱ्याचा फिकट आकार दिसतो, आणि अंधार म्हणजे काय हे सगळ्यांच्या अंगवळणी पडते.

मग सुरुवात सर्वांत मंद टप्प्यापासून करावी. चांगल्या टॉर्चमध्ये एक ल्युमेन किंवा त्याहूनही कमी उजेडाचा टप्पा असतो. तो जमिनीकडे लावावा. सरावलेल्या डोळ्यांना तेवढ्यात ढेकळे, गवताची पाती, चपलेचा अंगठा सगळे दिसते, आणि हाच टप्पा रात्री झोपलेल्यांना न उठवता घरात फिरण्यासाठी किती पुरेसा आहे हे लोकांना पहिल्यांदाच समजते. टर्बो आधी दाखवला तर हा अनुभव पुन्हा पंधरा मिनिटे थांबल्याशिवाय देता येत नाही. म्हणूनच चढत्या क्रमाचा मी आग्रह धरतो.

त्यानंतर मोबाईलचा दिवा पन्नास मीटरवरच्या गोणीकडे करावा. फार तर काहीतरी फिकट असल्याचा भास होतो. मग जुनी बॅटरी लावावी. गोणी दिसते, आकडा बहुधा कळत नाही. आता नवी टॉर्च मधल्या टप्प्यावर. कोणाला तरी आकडा मोठ्याने वाचायला सांगावे. मग वरच्या टप्प्यावर शंभर मीटरची गोणी, आणि तिच्याशेजारी काय आहे ते विचारावे. बहुतेकांना काहीच दिसत नाही. पांढरे कापड अंगावर पडलेला बराचसा उजेड परत पाठवते, काळी लोकर तो जवळजवळ सगळा गिळते. रस्त्यात बसलेली म्हैस किंवा काळे कपडे घातलेला वाटसरू उशिरा का दिसतो याचे उत्तर त्या घोंगड्यात असते. आता टर्बो लावावा. घोंगड्याची कड उमटते. मग झोत दोनशे मीटरवर न्यावा, तिथला आकडा वाचून घ्यावा आणि शेवटी त्यापलीकडच्या एखाद्या एकट्या झाडावर किंवा उघड्या टेकडीच्या उतारावर आठ-दहा सेकंद स्थिर धरून बटण बंद करावे. तेवढ्याने परिणाम पुरा होतो. सतत चालू ठेवलेल्या टर्बोला डोळे सरावतात आणि उजेड मनात लहान होत जातो.

धरणाऱ्याने टॉर्च डोळ्यांजवळ न धरता हात लांब करून कमरेच्या बाजूला धरावी, आणि बघणाऱ्यांनी त्याच्या मागे, दोन पावले बाजूला उभे राहावे. हवेतल्या धुळीवरून परतणारा उजेड झोताच्या अगदी रेषेत सर्वांत जास्त खुपतो. बाजूने पाहिले की तीच गोणी जास्त स्वच्छ दिसते. रस्त्यावरचे चमकते फलक किंवा कॅट-आय यांच्यावर झोत टाकून शक्ती दाखवण्याचा मोह होतो, पण त्या वस्तू उजेड आला त्याच दिशेने परत फेकण्यासाठीच बनवलेल्या असतात. मोबाईलच्या दिव्यानेही त्या लांबून चमकतात, म्हणून त्यावरून टॉर्चची पारख होत नाही.

लांबच्या नातेवाइकांसाठी फोटो

पुण्यात किंवा परदेशात असलेल्या भावंडांना व्हिडिओ कॉलवर टॉर्च दाखवू नये. कॅमेरा उजेडानुसार स्वतःच कमी-जास्त होतो, त्यामुळे जुनी आणि नवी टॉर्च सारखीच दिसते. त्याऐवजी मोबाईल एका जागी पक्का बसवावा, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये आयएसओ ४००, शटर अर्धा सेकंद आणि रंगतापमान ५,००० केल्विन असे काहीतरी ठरवून ते कायम ठेवावे, आणि अंधार, मोबाईलचा दिवा, जुनी बॅटरी, नवी टॉर्च असे चार फोटो त्याच क्रमाने काढावेत. टॉर्च कॅमेऱ्याच्या मागून, कॅमेरा पाहतो त्याच दिशेने धरावी. नव्या टॉर्चच्या फोटोत मधला भाग नुसता पांढरा झाला तर शटरचा वेळ कमी करून चारही फोटो पुन्हा काढावेत. एकच बदलला की तुलना खोटी होते.

जिथे झोत टाकू नये

माणसाच्या तोंडावर कधीच नाही. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, त्यामुळे इजा अधिक होऊ शकते, आणि तान्ही मुले तर उजेडाकडे टक लावून पाहतात. मुलांच्या हातात टॉर्च द्यायचीच असेल, आणि ती द्यावीच, तर मंद टप्प्यावर आणि आपल्या हाताखाली द्यावी. लुकलुकणारा टप्पा जमलेल्या लोकांत लावू नये. ज्यांना फिट येते त्यांना त्याने झटका येऊ शकतो. काळ्या कापडावर किंवा कागदावर काच टेकवून धूर काढून दाखवण्याची हौस काहींना असते, ती मला मान्य नाही. त्याने काच खराब होते, हात भाजतो, आणि बघणारी मुले दुसऱ्या दिवशी अंथरुणात तेच करून पाहतात.

वाहनांवर, घाटातल्या रस्त्यावर, विमानाकडे, शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर झोत जाता कामा नये. बगळ्यांनी किंवा वटवाघळांनी भरलेले झाड सोडून द्यावे. अभयारण्यात आणि त्याच्या कडेने झोत फिरवणे शिकाऱ्यांचे लक्षण मानले जाते आणि वनरक्षक तसेच समजून वागतात. मे-जूनमध्ये भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी येथे काजवे पाहायला गेलात तर ही टॉर्च पिशवीतच ठेवावी, कारण नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनेच शोधतात आणि मोठ्या झोतात ती खूण हरवते. कोकणात वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथली पिल्ले उजेडाच्या दिशेने समुद्राकडे जातात, आणि किनाऱ्यावरच्या दिव्याने ती उलट्या दिशेला भरकटतात.

प्रात्यक्षिक संपले की टॉर्च लगेच खिशात घालू नये. तिचे तापलेले डोके, म्हणजे काचेकडचा भाग, गार होऊ द्यावे, मग मागचे झाकण पाव फेरा सैल करावे, म्हणजे बहुतेक टॉर्चमध्ये बटण चुकून दाबले गेले तरी ती पेटत नाही. काठ्या आणि गोण्या त्याच रात्री काढून आणाव्यात, नाहीतर सकाळी गुरे त्या चघळतात. पुढचे काही आठवडे टॉर्च वापरायची नसेल तर सेल पूर्ण न भरता निम्म्याच्या आसपास ठेवावा आणि सावलीच्या, थंड जागी ठेवावा; गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडलेला सेल एका उन्हाळ्यातच बराच उतरतो.